पऱ्हाटी गप्प उभी नसते: झाडाला ताण कसा कळतो आणि ते कसं लढतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्या गावात एपिसोड संपेपर्यंत रेंज टिकत नाही, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना येणारे "बरं का" आणि "म्हणजे कसं आहे ना" थोडे छाटलेत, बाकी मजकूर तोच.

नवीन वाचकांसाठी ओळख: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक झालेला. दिवसभर सर्व्हरचे अलर्ट बघायचे, हे काम. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात. बाहेरच्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. तालुक्याचं नाव केळापूर, तहसील मात्र पांढरकवड्यात. आणि केळापूर गाव जगदंबेच्या देवळासाठी ओळखलं जातं. आमच्याकडे वावर म्हणजे कापूस, मध्ये तुरीच्या ओळी, आणि जमेल तिथे हरभरा. बहुतेक शेती कोरडवाहू.

आजचा विषय निघाला तो एका साध्या प्रश्नातून. दर सीझनला घरून फोन येतो, "अळी दिसून राहिली, फवारू का थांबू?" या प्रश्नात पैसा आहे, उत्पन्न आहे, आणि आमच्या जिल्ह्यात तर जीवसुद्धा आहे, त्यावर पुढे येतोच. पण त्याआधी एक गोष्ट आपण विचारतच नाही. आपण फवारण्याआधी झाड स्वतः काय करत असतं?

झाड पळू शकत नाही, म्हणून

जनावराला ऊन लागलं की ते सावलीत जातं. माशी बसली की शेपूट हलवतं. झाडाला यातलं काही जमत नाही. जिथे बी पडलं तिथेच ऊन, पाऊस, अळी, बुरशी सगळं सोसायचं. त्यामुळे झाडांनी सगळी हुशारी रसायनात घातली.

ताण दोन प्रकारचे. एक हवामान-जमिनीचा: पाणी कमी, पाणी जास्त, ऊन, थंडी, खताची कमतरता. दुसरा सजीवांचा: कीड, बुरशी, विषाणू, चरणारी जनावरं. आणि संरक्षणही दोन प्रकारचं. काही गोष्टी कायम सुरू असतात, हल्ला होवो न होवो. काही गोष्टी हल्ला झाल्यावरच सुरू होतात. आमच्या कामात हा फरक रोजचा आहे. फायरवॉल चोवीस तास चालू असते, पण मध्यरात्री माणसाला फोन लावून उठवणारा अलर्ट खरंच काही बिघडलं तरच वाजला पाहिजे. प्रत्येक गोष्ट कायम चालू ठेवली तर मूळ कामाला ताकद उरत नाही. झाडाचंही तेच. जे अन्न संरक्षणाला गेलं, ते पानाला आणि बोंडाला गेलं नाही.

कायम सुरू असलेलं संरक्षण: लव आणि काळे ठिपके

कपाशीचं पान उन्हात धरून बघा. बारीक काळपट ठिपके दिसतात. तसेच ठिपके हिरव्या बोंडाच्या सालीवर असतात आणि सरकी कापली की आतही दिसतात. त्या ग्रंथी आहेत, आणि त्यांच्यात गॉसिपॉल नावाचं पिवळं रसायन आणि त्याची भावंडं भरलेली असतात. बहुतेक किडींना ते पचत नाही, वाढ खुंटते. म्हणूनच सरकीची ढेप गाई-म्हशींना चालते, कारण रवंथ करणाऱ्यांच्या पोटातले जंतू गॉसिपॉल बऱ्याच प्रमाणात निकामी करतात. पण कोंबड्या-डुकरांना ती जपून द्यावी लागते. सरकीचं तेल माणसाच्या खाण्यात येण्याआधी रिफाइन करावं लागतं, त्यामागेही गॉसिपॉल हे मोठं कारण आहे.

अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्रंथी नसलेली कपाशी तयार केली गेली. विचार चांगला होता, सरकी सरळ खाता येईल. झालं असं की एरवी कपाशीला तोंड न लावणारे किडेसुद्धा ती खाऊ लागले, आणि हे वाण शेतात टिकलं नाही. नंतर टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीर्ती राठोड यांच्या गटानं वेगळी वाट काढली. पानात, बोंडात गॉसिपॉल राहू द्यायचं आणि फक्त सरकीतलं कमी करायचं. त्यांचं मूळ संशोधन २००६ चं, आणि अशी सरकी खाण्यात वापरायला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली.

दुसरं कायमचं संरक्षण म्हणजे लव. पानाच्या खालच्या बाजूला दाट केस असले की तुडतुड्यांना रस शोषायला आणि अंडी घालायला अडचण होते. पण इथेही फुकट काही नाही. त्याच केसाळ पानावर बोंडअळीचे पतंग अंडी घालायला जास्त पसंती देतात आणि पांढरी माशीही रमते. एक दार लावलं की दुसरं किलकिलं होतं. आपली देशी कपाशी, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, या उपखंडातलीच. रसशोषक किडी आणि पाण्याचा ताण ती अमेरिकन कपाशीपेक्षा बरी सोसते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए-७, एकेए-८ हे देशी वाण त्यातलेच. धागा आखूड, बोंड लहान, म्हणून बाजारानं तिला मागे टाकलं.

अळीनं पहिला चावा घेतला की

आता खरी गंमत. अळी पान कुरतडते तेव्हा पेशी फुटतात आणि त्यांच्यातला माल बाहेर सांडतो. त्यात ग्लुटामेट असतं. हो, आपल्या मेंदूत निरोप पोचवणारं तेच ग्लुटामेट. शेजारच्या पेशींवर ते ओळखणारे स्वीकारक असतात. ते जागे झाले की पेशीत कॅल्शियम शिरतं, आणि ही कॅल्शियमची लाट शिरांमधून पुढे सरकत जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठात सायमन गिलरॉय यांच्या प्रयोगशाळेत २०१८ मध्ये हे थेट व्हिडिओत पकडलं गेलं. कॅल्शियम दिसलं की चमकणारं प्रथिन झाडात घातलं, एका पानावर अळी सोडली, आणि काही मिनिटांच्या आत लांबची पानं उजळली. वेग साधारण सेकंदाला १ मिलिमीटर. ते झाड मोहरीच्या कुळातलं छोटं प्रयोगशाळेचं रोप होतं. झाडांत विजेसारखे संकेत धावतात हे जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर प्रयोग करून विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं. तेव्हा बऱ्याच जणांनी नाक मुरडलं.

ही लाट पोचली की त्या पानात जास्मोनिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. हा झाडाचा "कीड आली" असा अलार्म समजा. अळीच्या लाळेतले काही पदार्थसुद्धा झाड ओळखतं. त्यामुळे कात्रीनं कापलेलं पान आणि अळीनं खाल्लेलं पान यांतला फरक त्याला बऱ्याच अंशी कळतो.

अलार्म वाजला की काही तासांत झाड बरीच कामं सुरू करतं. त्यातलं एक मला फार आवडतं. झाड विष बनवण्याऐवजी अळीचं पचनच बंद पाडतं. अळी पानातली प्रथिनं तोडण्यासाठी पोटात प्रोटिएज नावाची विकरं सोडते. झाड त्यांना चिकटून त्यांना कुलूप लावणारी प्रथिनं तयार करतं, त्यांना प्रोटिएज रोधक म्हणतात. अळी खात राहते, पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. टोमॅटोच्या एका पानाला जखम केली तर न दुखावलेल्या पानातही हे रोधक वाढतात, हे १९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं.

पुण्यातला हरभरा आणि घाटे अळी

या कुलुपांवर महाराष्ट्रातच मोठं काम झालंय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हरभऱ्यावरच्या घाटे अळीच्या पोटाचा अभ्यास केला. हीच अळी कपाशीवर आली की आपण तिला हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतो. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की हरभरा रोधक बनवतो खरा, पण घाटे अळीच्या पोटातली विकरं तेच रोधक तोडून टाकतात. म्हणजे झाडानं कुलूप बनवलं, आणि अळीनं ते कुलूपच चावून खाल्लं.

मग या गटानं उलटा विचार केला. ज्या झाडांशी या अळीची जुनी ओळख नाही, त्यांची कुलुपं लावून बघू. चौधारी घेवड्याच्या बियांतले आणि मिरचीतले रोधक जास्त भारी पडले. अळी मात्र तिथेही स्वस्थ बसत नाही. एक विकर बंद झालं की ती दुसऱ्या प्रकारचं वाढवते. पासवर्ड बदलत राहायचे, समोरचा ते शोधत राहणार. फरक इतकाच की हा खेळ लाखो वर्षांपासून चालू आहे.

हरभऱ्याचं अजून एक शस्त्र तुमच्या आजीला माहीत असेल: आंब. सकाळी हरभऱ्याच्या वावरातून चाललं की पायाला जी आंबट, चिकट ओल लागते ती. जुने लोक रात्री पिकावर स्वच्छ फडकं पसरून सकाळी पिळून घ्यायचे, पोटदुखीसाठी. ही आंब पानावरच्या बारीक केसांतून पाझरते आणि तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल घाटे अळीची वाढ रोखतं, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे आजीचं औषध हे हरभऱ्याचं कवच होतं.

वासानं मारलेली हाक

आता पुन्हा कपाशीकडे. ताजं गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो, तो खरं तर जखमेचा वास. पान फाटलं की तो लगेच सुटतो. पण कपाशीवर अळी काही तास खात राहिली, तर दुसऱ्या दिवसापर्यंत झाड टर्पीन गटातली आणखी वेगळी रसायनं नव्यानं बनवून हवेत सोडतं. आणि दिवसा जास्त सोडतं. का? कारण तो वास परोपजीवी गांधीलमाशांसाठी असतो, आणि त्या दिवसा फिरतात. बारक्या माशा या. वासाच्या मागावर येतात, अळी शोधतात, तिच्या अंगात अंडं घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खातात.

१९९८ मध्ये "नेचर" या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात याहून पुढचं दिसलं. तंबाखू, कपाशी आणि मका, तिघांवर दोन वेगवेगळ्या पण जवळच्या नात्यातल्या अळ्या सोडल्या. झाडांनी दोन्हींसाठी वेगळं मिश्रण सोडलं, आणि एकाच जातीच्या अळीवर जगणारी गांधीलमाशी बरोबर आपल्याच शिकारीच्या झाडाकडे गेली. वासात "मला कोणी खाल्लं" हा पत्ताही होता.

कपाशी नुसती हाक मारत नाही, चहापाण्याचीही सोय करते. पानाच्या मागच्या मुख्य शिरेवर हात लावून बघा, एक छोटा खळगा लागेल. ती मधुग्रंथी आहे. फुलाशी तिचा संबंध नाही. मुंग्या आणि मित्रकीटक तो गोड रस प्यायला येतात आणि येता-जाता अंडी-अळ्यांचा समाचार घेतात.

ही सगळी यंत्रणा फसवताही येते. अळ्या, बोंडअळ्या अशा चावणाऱ्या किडींसाठी जास्मोनिक आम्लाचा रस्ता आहे, तर बुरशी-विषाणूंसाठी मुख्यतः सॅलिसिलिक आम्लाचा. ॲस्पिरिनच्या घराण्यातलं हे रसायन. एक रस्ता पूर्ण उघडला की दुसरा थोडा दबतो. पांढरी माशी याचाच फायदा घेते. ती झाडाला जणू रोग झाल्यासारखं भासवते. २०१९ मध्ये टोमॅटोवर दिसलं की पांढरी माशी लागलेल्या झाडाचा वास शेजारच्या झाडांनाही चुकीच्या तयारीला लावतो. ती रोगाविरुद्ध सज्ज होतात आणि माशीला मोकळं रान मिळतं. खोटा अलर्ट आला आणि सगळी टीम चुकीच्या सर्व्हरवर बसली, तसं.

पाण्याचा हिशोब: पातेगळ, पॅराविल्ट आणि लाल्या

केळापूरच्या शेतकऱ्याला अळीइतकाच धाक पावसाचा. तो यायला हवा तेव्हा येत नाही आणि आला की धो-धो येतो.

पाणी कमी पडलं की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढतं. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या दोन बाजूंच्या पेशी त्यामुळे पाणी सोडून सैल पडतात आणि छिद्र मिटतं. पाणी वाचतं, पण त्याच छिद्रातून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, म्हणजे अन्न बनणंही मंदावतं. तहान लागली म्हणून चूल विझवल्यासारखं. हे संप्रेरक सापडलं ते कपाशीतच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट यांचा गट कोवळी बोंडं का गळतात हे शोधत होता, आणि बोंडांतून त्यांनी हा पदार्थ वेगळा केला. पुढे कळलं की गळण्यामागे मुख्य हात इथिलीन वायूचा असतो, आणि ॲब्सिसिक आम्लाचं मोठं काम पाण्याचा ताण सांभाळणं.

पातेगळीकडे आपण रोग म्हणून बघतो. झाडाच्या बाजूनं बघितलं तर तो हिशोब आहे. कपाशी मुळात बहुवर्षायू झुडूप आहे, आपण तिला वर्षाचं पीक केलं. चांगल्या वर्षातही ती निम्म्याहून जास्त पाते आणि फुलं गाळते. ढगाळ आठवडा आला, वावरात पाणी साचलं किंवा पाऊस लांबला, की जेवढी बोंडं पोसता येतील तेवढीच ठेवायची आणि बाकीची देठाशी कापायची. देठात एक पातळ थर असतो. इथिलीन वाढलं आणि ऑक्सिन कमी झालं की तो थर सुटतो. पातेगळीवर एनएए फवारतात ते याचसाठी. ते कृत्रिम ऑक्सिन आहे, थर सुटू देत नाही. पण झाडात अन्नच नसेल तर फक्त देठ धरून ठेवून बोंड भरत नाही, हेही तितकंच खरं.

पॅराविल्ट तर डोळ्यांदेखत घडतं. महिनाभर उघाड, मग एका रात्रीत जोरदार पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन. बोंडांनी लदलेली हिरवीगार झाडं माना टाकतात. लोक म्हणतात, "करणी झाली का काय!" होतं असं की काळ्या जमिनीत पाणी भरल्यामुळे मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. गुदमरलेली मुळं इथिलीनचा कच्चा माल वर पाठवतात, आणि वर हवा असल्यामुळे पानात त्याचं इथिलीन बनतं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यावर कोबाल्ट क्लोराइडची अगदी पातळ, दशलक्षाला १० भाग इतकी, फवारणी सुचवते, लक्षणं दिसताच काही तासांत. ते काही खत नव्हे. इथिलीन बनवणारी शेवटची पायरी कोबाल्ट अडवतो. उशीर झाला की उपयोग नाही, कारण तोवर निरोप पोचलेला असतो.

आणि लाल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री थंड होतात, बोंडं पानातला नत्र ओढून घेतात, मॅग्नेशियम कमी पडतं, हरितद्रव्य तुटतं आणि पान लालसर होतं. तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. पान अन्न बनवू शकत नसताना अंगावर पडणारं ऊन पेशी जाळू शकतं, तेव्हा ही एक प्रकारची छत्री. लाल पान बघून कीटकनाशकाच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही. झाड उपासमारीचा निरोप देतंय.

उसनं शस्त्र: बीटी

आता ज्याच्याबद्दल सगळ्यांना विचारायचं असतं ते. बीटी हे कपाशीचं स्वतःचं संरक्षण नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीतल्या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलंय. त्यापासून बनणारं प्रथिन अळीच्या पोटात विशिष्ट स्वीकारकाला चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. भारतात २००२ च्या मार्चमध्ये एका जनुकाच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांची बीजी-२ आली. हिरव्या बोंडअळीसाठी फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे नाकारायचं कारण नाही.

पण झाडाच्या स्वतःच्या संरक्षणात आणि यात एक मोठा फरक आहे. झाडाचा अलार्म चावा घेतल्यावर वाजतो आणि एकाच वेळी अनेक शस्त्रं बाहेर काढतो. बीटी चोवीस तास, प्रत्येक पेशीत, एकाच प्रकारे. वर्षानुवर्षं, लाखो एकरांवर तेच कुलूप. ज्या थोड्या अळ्यांचा तो स्वीकारक मुळातच बदललेला होता, त्याच वाचल्या, त्यांचीच पिल्लं वाढली. शिवाय प्रमाणही सगळीकडे सारखं नसतं. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या २००५ मधल्या अभ्यासात दिसलं की एक जनुकाच्या वाणांमध्ये हे प्रथिन पीक वाढेल तसं कमी होतं, आणि फुलातल्या बीजांडकोशात व हिरव्या बोंडाच्या सालीत सगळ्यात कमी असतं. गुलाबी बोंडअळी नेमकी तिथूनच आत शिरते.

त्यात आपल्याकडे बीटी आली ती संकरित बियाण्यात. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही जनुकं, काहींत एक, काहींत एकही नाही, अशी मिसळ होते. एका सरकीतून दुसरीत जाणारी अळी थोडं-थोडं विष चाखत तयार होते. पाकिटासोबत येणारं बिगर-बीटी बियाणं, ते १२० ग्रॅमचं, बांधाला लावायचं होतं. तिथे वाढणाऱ्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा मरणारी निघावी, हा त्याचा हेतू. बऱ्याच ठिकाणी ते पाकीट घरातच राहिलं. आणि फरदड! पाणी आहे म्हणून जानेवारी-फेब्रुवारीनंतरही पीक उभं ठेवलं की गुलाबी अळीला खाणावळ बारा महिने सुरू.

२०१० मध्ये गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीत पहिल्या जनुकाविरुद्ध प्रतिकार जाहीर झाला. काही वर्षांत बीजी-२ लाही तिनं ओलांडलं. २०१७ मध्ये विदर्भभर डोमकळ्या दिसल्या, बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. अमेरिकेनं मात्र बीटी, वांझ केलेले पतंग आणि काटेकोर शिस्त यांच्या जोरावर २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून हीच कीड संपल्याचं जाहीर केलं. जनुक तेच होतं. वापर वेगळा होता.

२०१७, आपल्या जिल्ह्यात

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती, फवारा वरच्या दिशेनं मारावा लागत होता आणि तो अंगावर, तोंडावर उलटत होता. दोन-तीन औषधं एकत्र करून, हातमोजे-मास्कशिवाय, दमट हवेत तासन्‌तास. फवारणारे बरेचसे रोजंदारीचे मजूर होते, ज्यांचं स्वतःचं वावर नव्हतं.

मी हे इथे मुद्दाम सांगतोय. झाडाचं संरक्षण हा अभ्यासाचा छान विषय वाटतो, पण आपल्याकडे ते कोसळलं की त्याची भरपाई माणसाच्या फुफ्फुसानं आणि कातडीनं होते.

मग "फवारू का थांबू"?

मी कृषी अधिकारी नाही. डोस आणि औषध त्यांनाच विचारा. पण झाडाची बाजू समजली की या प्रश्नाकडे बघण्याची पद्धत बदलते, ती सांगतो.

पहिलं, सुरुवातीचे दोन महिने जपून. मावा-तुडतुडे दिसले की लगेच सगळं मारणारं औषध फवारलं, तर ढालकिडे, क्रायसोपा, गांधीलमाशा आधी मरतात. नंतर बोंडअळी आली की झाड वासानं हाक मारतं, पण ऐकायला कोणी उरलेलं नसतं. नुकसान पातळी ओलांडली का हे मोजून ठरवायचं. ५ टक्के निंबोळी अर्कापासून सुरुवात करण्यामागेही हाच विचार आहे. तो कडुनिंबाचा स्वतःचा बचाव आहे: अळीची भूक मारतो, कात टाकण्यात बिघाड करतो, आणि मित्रकीटकांना तुलनेनं कमी त्रास देतो.

दुसरं, गुलाबी अळी बोंडात गेली की झाडाचाही तिथे फारसा इलाज चालत नाही आणि आपल्या फवाऱ्याचाही. म्हणून लक्ष पतंगांवर हवं. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले, तर ती कारवाईची वेळ. हा अलर्टचा थ्रेशोल्ड आहे. एका पतंगावर घाबरायचं नाही आणि ऐंशीची वाट बघायची नाही.

तिसरं, युरिया. नत्र जास्त झालं की पान कोवळं, लुसलुशीत, आणि रसशोषक किडींना मेजवानी. हिरवंगार दिसणं आणि सशक्त असणं यात फरक आहे.

चौथं, सीझन संपला की संपवायचा. फरदड नाही. घरामागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत, न फुटलेल्या बोंडांत, दोन सरक्या जोडून त्यात ही अळी झोपलेली असते. जळण म्हणून साठवलेली ती गंजी म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं आहे, अळीचं. आणि हे एकट्यानं करून भागत नाही. पतंग धुरा ओलांडतो, सातबारा बघत नाही. गावानं मिळून केलं तरच.

शेवटचं, ज्या दिवशी फवारावंच लागेल त्या दिवशी फवारणाऱ्याला हातमोजे, मास्क, चष्मा द्या, वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवायला सांगा, आणि उंच पिकात डोक्यावर फवारा मारायला लावू नका. मजूर दुसऱ्याचा असेल तर अजून जास्त काळजी घ्या.

झाडाला मेंदू नाही, डोळे नाहीत. तरी कोण खातंय, किती पाणी उरलं, किती बोंडं पोसता येतील, याचा हिशोब ते क्षणाक्षणाला करतं. आपण त्यातला निम्मा जरी वाचायला शिकलो, तरी सीझनमागे एखादी फवारणी वाचेल. एक फवारणी म्हणजे औषधाचे पैसे, मजुरी, आणि कोणाचा तरी एक दिवस त्या धुक्यात.

पुढच्या भागात तुरीबद्दल बोलू: मर रोग मुळातून आत शिरतो तेव्हा झाड आतल्या नळ्या कशा बंद करतं, आणि त्याच उपायानं स्वतःच कसं वाळतं. तुमच्याकडे पातेगळ किंवा पॅराविल्ट कधी, कशी दिसली ते लिहून पाठवा. तारीख आणि त्याआधीचा पाऊस लिहिलात तर फार कामाचं. भेटू पुढच्या आठवड्यात.